एकही नाव गाळलं नाही

काटेवाडी,
नोव्हेंबर १९९७

प्रिय मेघना,

सप्रेम जयभीम. तू सोलापूरला आत्याकडे निघून गेलीस तरी आई सवयीनं तुझाही चहा टाकते, आणि भरलेला कप समोर ठेवून माझ्याकडे बघत बसते. मी अजून त्या दिवसातच अडकलो आहे. तुमच्या फार्मसी कॉलेजच्या फाटकावर मान्यता रद्द झाल्याचा कागद डकवला होता. मुली रडत होत्या आणि मी तो कागद पुन्हापुन्हा वाचत होतो, जणू एखादा शब्द बदलेल. शेवटची परीक्षा तोंडावर, आणि अख्ख्या वर्गाची दोन वर्षं एका ओळीत पुसली गेली. तुला दळणाला जाणंसुद्धा लोकांनी नकोसं केलं. सगळ्यांच्या तोंडी एकच, मेघनामुळं झालं.

तपासणी समिती यायच्या आधी काय काय घडलं, ते मला तू गेल्यावर तुकड्यातुकड्यानं कळलं. कायम कुलूप असलेली प्रयोगशाळा उघडली. दुसऱ्या तालुक्यातल्या एका कॉलेजातून मायक्रोस्कोप, तराजू, काचेची भांडी एका दिवसाच्या बोलीवर आली. रामहरीमामांनी ती उसाच्या पाचटात गुंडाळून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आणली. इंदापूरचे औषध दुकानदार पांढरे ॲप्रन चढवून प्राध्यापक झाले. लग्नाला शेजारपाजारची भांडी आणावीत तसं कॉलेज आणलं! शिक्षणाचं दुकान मांडलंय, असं मी भाषणात म्हणत आलो. चूक होती माझी उपमा. दुकानात निदान माल तरी असतो. आणि यात कुणाला काही वावगं वाटलं नाही, हे मला अजून पचत नाही. पाहुणे यायचे म्हटल्यावर आपल्याकडे उसनं आणायचंच असतं. समितीचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला, भाषणं झाली, आणि आभार मानायला तुला उभं केलं. गुरुजींची पोर, चांगलं बोलेल.

चौदा एप्रिलच्या सभेत तुला खुर्चीवर उभं करून आभार मानायला मीच शिकवलं होतं. भाषण करणाऱ्याला हार मिळतो, पण पाण्याची घागर वाहणाऱ्याला आभारापलीकडे काही मिळत नाही, म्हणून एकाचंही नाव गाळायचं नाही. तू गाळलं नाहीस. यंत्रं उसनी देणाऱ्या कॉलेजचे आभार मानलेस. एकही काच फुटू न देता ट्रॉली आणल्याबद्दल रामहरीमामांचे मानलेस. आपली दुकानं बंद ठेवून एका दिवसापुरते आमचे प्राध्यापक झाल्याबद्दल दुकानदारांचे मानलेस. आणि लोक प्रत्येक नावाला टाळ्या वाजवत राहिले! सुरुवातीला संस्थेच्या अध्यक्षांनीही वाजवल्या म्हणे. समितीतल्या बाईंनी शांतपणे पेनाचं टोपण काढलं, तेव्हा कुठं मांडव गप्प झाला.

ते तुझ्या तोंडून भोळेपणानं निघालं, असं मी धरून चाललो होतो. काल कॉलेजच्या आवारात पालकांची सभा झाली. येत्या शुक्रवारी पुण्याला फेरसुनावणी आहे. अध्यक्ष म्हणाले, मुलीनं एवढंच सांगायचं की मी घाबरले आणि काहीतरी बोलून गेले, बाकी आम्ही बघतो. कुणीतरी उठेल, विचारेल की अहो, प्रयोगशाळा कुठं आहे, अशी मी वाट पाहिली. चंद्राबाई उठल्या. बारामतीच्या मंडईत भाजी विकून पोरीला शिकवणारी बाई ती. म्हणाल्या, "गुरुजी, तुमची भाषणं आमी लई ऐकली. आता माझं ऐका. आधी पोरीच्या हातात कागूद पडू द्या, मग काय खरं बोलायचं ते बोला." मी उत्तर द्यायला उठलो. मेघना, ज्याला कधी माइक लागला नाही तो मी तसाच खाली बसलो. कपाटभर पुस्तकं वाचली, त्यातलं एकही वाक्य त्या बाईच्या उपयोगाचं नव्हतं.

सभा सुटल्यावर तुझी मैत्रीण शाहीन जवळ आली. मी तिला म्हटलं, बाळ, मेघना चुकून बोलली, तिला माफ कर. ती म्हणाली, "चुकून? काका, आदल्या दिवशी एस.टी.त तिनं मला सगळी नावं म्हणून दाखवली, कुणी राहिलं का म्हणून. रामहरीमामांचं तर मीच आठवून दिलं." मग खाली बघत म्हणाली, "उद्या आमी औषधाच्या दुकानात बसणार. तापानं फणफणलेल्या पोराला किती औषध द्यायचं, ते आमाला न्हाय येत, काका."

आता हे पत्र का, ते सांगतो. सभेनं मला हे लिहायला बसवलं आहे. तुमच्या शब्दाला वजन हाय, पोरीला समजावा, शुक्रवारी तेवढं बोलायला लावा, असा एकमुखी ठराव झाला. शाहीनचे वडील, आपले गुलजारभाई, या घडीला ओट्यावर बसले आहेत. ते उद्या दुकानासाठी चादरी आणायला सोलापूरला निघालेत, पत्र हातोहात देणार आहेत. मी आत तेच लिहितोय, असं त्यांना वाटतं. पाकीट बंद करण्याआधी मी त्यांना हे सगळं वाचून दाखवणार आहे. त्यांची मुलगी काय म्हणाली, ते त्यांनी ऐकलंच पाहिजे. त्यांनी पत्र फाडलं तर मी दुसरं लिहीन. शुक्रवारी पुण्याला ये. मुलींना खऱ्या कॉलेजात सामावून घ्या, ही मागणी मी तिथं मांडणार आहे, कुणी ऐको न ऐको. तुला विचारतील तेव्हा पहिल्यापासून आभार मान, त्याच क्रमानं. आणि हे पत्र गुलजारभाईंच्या हातून तुझ्या हातात पडलं असेल, तर ते उंबऱ्यात उभे आहेत तोवर, आधी त्यांचे आभार मान.

तुझाच,
अप्पा