मागून घेतलेलं विमानभाडं

बेशो, तारावा
३ जुलै १९९७

ती. तेरुबेआताईस,
माएरेचा सा. न. वि. वि.

हे पत्र माझ्या अरेताच्या हाती देते आहे. उद्याच्या विमानाने ती नोनौतीला उतरेल. दादाला इकडे आणायचे पैसेही तिच्याजवळच आहेत. ते मिळवायला किती नाकदुऱ्या काढाव्या लागल्या ते ऐक. बँकेच्या रांगेत सकाळी उभी राहिले, तर दुपारी खिडकीतल्या बाबाने सगळ्या पन्नासाच्या नोटा पुढे सरकवल्या. मी म्हटलं, जिथे दुकानाच्या डब्यात सगळे मिळून वीस डॉलर नसतात, तिथे पन्नासाची नोट नेऊन माणसाने काय चाटायची? तो म्हणाला, सुटे नाहीत. मग दोन दुकानं, एक बेकरी आणि शेवटी पाद्रीबाबा, एवढे उंबरठे झिजवून सुटे केले. विमानाच्या ऑफिसात परतीची तिकिटं मागितली तर म्हणे, तिथली तिकिटं तिथल्या एजंटाकडे, रोख. यांचं विमान एवढं उडतं, पण एक तिकीट काही इकडून तिकडे जात नाही.

डोळ्यांचे डॉक्टर २८ तारखेला येणार, आठवडाभर राहणार आणि मग पुढच्या वर्षी. दादाचा दुसरा डोळाही गेल्यात जमा आहे, हे तूच कळवलंस. गेल्या वर्षी त्याचं भाडं मी त्याच्याच नावाने पाठवलं होतं. ज्याने हात पसरला त्याला त्याने दिलं. एकाची नाव झाली, दुसऱ्याचं लग्न, उरलं ते चर्चच्या छपराला. आपल्या माणसाने बुबूस घातलं, म्हणजे तोंड उघडून मागितलं, की नाही म्हणायचं नाही, हे मलाही ठाऊक आहे. पण त्यातल्या एकालाही त्याचा हात धरून डॉक्टरकडे न्यावंसं वाटलं नाही. म्हणून या खेपेला अरेता येते आहे. पैसे तिच्या कमरपट्ट्यात शिवले आहेत. त्यांच्यापासून तिला क्षणभर वेगळं होऊ देऊ नकोस.

दादाला नमस्कार. माझ्या पोरीवर माया असू दे.
तुझी,
माएरे

नोनौती
९ जुलै

ती. आईस,
अरेताचा शि. सा. न.

मी सुखरूप पोचले. पैसेही पोचले, पण तुझ्या ताईच्या घशात.

उतरले त्याच संध्याकाळी मनेआबात, गावाच्या त्या मोठ्या सभाछपराखाली, माझ्यासाठी सगळं गाव जमलं होतं. डोक्यावर फुलांचं कडं घातलं, मासे झाले, बाबाईचा कंद झाला, भाषणं झाली. मग मावशी उठली. तारावाहून भाची पैसे घेऊन आली आहे असं ऐकते, ते सगळेच्या सगळे मला हवेत, माझ्या मुलाच्या नावेला इंजिन घ्यायचंय, असं तिने सभेच्या मधोमध उभं राहून सांगितलं. अर्धे नाही, थोडे नाही, सगळे. आई, पाचशे डोळे माझ्यावर होते. मी काय करणार होते? तिथेच मासे कापायच्या सुरीने पट्ट्याची शिवण उसवली आणि नोटा चटईवर ठेवल्या. तिने त्या मोजल्यासुद्धा नाहीत. माझ्या शेजारी मामा बसले होते. ते हळूच म्हणाले, बरं झालं, तिच्या मुलाला गरज होती. हा माणूस संत आहे की भोळासांब ते मला अजून ठरवता येत नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटेच शेजारचा बाकोआ दारात. मामांनी म्हणे त्याला नव्या जाळ्यासाठी शब्द दिला होता, माझ्या पैशांतून. मी यायच्या आधीच. पैसे मावशीकडे गेले, तेही इंजिनासाठी बोटकंपनीच्या इथल्या माणसाकडे पुढे गेले, हे कळल्यावर त्याचं तोंड उतरलं. तेव्हापासून तो बेटभर सांगत फिरतोय की तेरुबेआने भावाचे डोळे खाल्ले. आणि खरं सांगू, मला त्याचा राग येत नाही.

एजंट काउरे म्हणतो, २५ तारखेच्या विमानात दोन जागा आहेत, पैसे त्याच दिवशी द्या. कुठून देऊ? रेडिओवरून तुला कळवलं असतं, पण त्यावर बोललेलं सगळं बेट ऐकतं, आणि आपली आणखी शोभा मला नकोय.

तुझीच,
अरेता

बेशो
१४ जुलै

तेरुबेआस,

नमस्कार या खेपेला घालत नाही.

अरेताचं पत्र वाचून माझ्या अंगाची लाहीलाही झाली. आई गेली तेव्हा तुला कडेवर आणि मला पाठीवर घेऊन ज्याने भर ओहोटीत शिंपले वेचले, त्या माणसाच्या डोळ्यांच्या पैशावर तुझी नजर गेली? इंजिन एक वर्ष थांबलं असतं. डोळा थांबणार नाही. परके बरे, ते निदान पाठीमागून मागतात. तू सख्खी बहीण, आणि माझ्या पोरीला भरल्या सभेत उभं केलंस.

तुला मागायची एवढी हौस, तर आता मीही मागते. हे माझं बुबूस समज. ते पैसे मला दे, म्हणजे अरेताच्या हातात दे. नाही म्हणून दाखव, म्हणजे तू कोण आहेस ते मला कळेल.

लोभ होता. पुढचं तू ठरव.
माएरे

नोनौती
१८ जुलै

ती. आईस,
शि. सा. न.

घाईत लिहिते आहे. विमान उभं आहे आणि पायलट शहाळं पितो आहे तेवढाच वेळ. तुझं पत्र मंगळवारच्या विमानाने आलं, ते मावशीला दिलं. तिने ते दोनदा वाचलं आणि चुलीत सारलं, वर त्याच जाळावर मासा भाजला. गेल्या रविवारी मीही मनेआबात सगळ्यांदेखत तिच्याकडे पैसे परत मागितले होते. तिने तोंडावर नाही म्हटलं. आई, नाही. तिथल्या म्हाताऱ्यांनी हा शब्द तिथे कधी ऐकला नव्हता. आता बायका तिच्या चटईला चटई लावत नाहीत. मीही तिच्याशी बोलत नाही. ती वाढते, मी जेवते, एवढंच. मामा मात्र तिच्याच घरी तिच्याच उशीवर डोकं ठेवून बाळासारखे झोपतात.

२५ ला मी एकटी येईन असं धरून चाल.

अरेता

नोनौती
२४ जुलै

चि. माएरेस,
लायकी नसताना अनेक आशीर्वाद.

हे पत्र बंद करून अरेताकडे देणार आहे. ते तुझ्या हातात पडेल तेव्हा शेजारी दादा उभा असेल. आधी त्याला खाली बसव, मग वाच.

तू मला विचारतेस मी कोण. मी विचारते, तुझी अक्कल कुठे गेली होती? बोट येऊन तीन महिने झाले. लोकांच्या हातात खोबऱ्याच्या पावत्या आहेत आणि रोकड कुणाकडेच नाही. अशा बेटावर तू कमरेला पैसे बांधून एक पोर पाठवतेस, जिला नाही म्हणता येत नाही. आणि ज्याच्यासाठी पाठवतेस त्याला तर जन्मात कधी आलं नाही. ती यायच्या आधीच दादाने बाकोआला जाळ्याचा शब्द दिला होता. ते पैसे दादा सकाळी अरेताकडे मागणार होता. मामाने मागितल्यावर तिने दिलेच असते. म्हणून मी संध्याकाळीच मागितले. सगळे मागितले, कारण उरले असते तेवढेही गेले असते.

इंजिन नाही आणि पैसे बोटकंपनीकडेही गेलेले नाहीत. मला चार शब्द सांगून तिला गुपित देता आलं असतं म्हणशील. तुझी पोर गुणाची आहे, पण तिच्या तोंडावर सगळं दिसतं. तिने मला शिव्या घातल्या म्हणून तर दादाचा विश्वास बसला. त्याला कळलं असतं तर त्याने माझ्याकडे मागितले असते. जगाला नाही म्हणेन, पण त्याला मी नाही म्हणू शकले नसते. काउरेकडे आधी भरावेत, तर काउरे पण गावचाच. त्याच्याही पेटीपाशी चुलते येतातच.

तेव्हा तीन आठवडे मी माझं तोंड काळं करून घेतलं. उद्या धावपट्टीवर, विमान टेकल्यावर, बाहेरचा माणूस पायलट समोर असताना पैसे काउरेच्या टेबलावर ठेवीन. आजवर मला कुणी चिकट म्हटलं नव्हतं गं. साठाव्या वर्षी भावाचे डोळे खाल्ले हे ऐकलं, आणि तुझ्या कागदावरही तेच वाचलं. त्याचं मला फार लागलं. बाकोआचं नाही लागलं, तुझं लागलं.

खरं काय ते इथे कुणाला कळवू नकोस. पुढच्या वर्षी परत कुणाचं तरी भाडं येईल.

तुझी,
ताई

बेशो
१० ऑगस्ट

चि. तेरुबेआस,
तोकानिकाईदादाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

अक्षर मोठं आहे, कारण एका डोळ्यावर अजून पट्टी आहे. दुसऱ्याने हा कागद दिसतो, त्याच्या रेघा दिसतात, माएरे किती म्हातारी झाली तेही दिसतं. ते मी तिला सांगितलं नाही.

पण मी तुझ्यावर रागावलो आहे. तू मला आंधळा समजलीस ते ठीक, बहिरा कशाला समजलीस? हल्लीच्या नोटा प्लॅस्टिकच्या आहेत. माझ्याच उशीत घालून ठेवल्यास आणि त्या रोज कानाशी करकरत होत्या. दुसऱ्या रात्रीच मला कळलं. रोज उठून बाकोआसाठी मागावंसं वाटायचं. मागितले नाहीत. जन्मात पहिल्यांदा मी काही मागायचं टाळलं, आणि ते इतकं जड जाईल असं वाटलं नव्हतं. लोक तुला बोलत होते तेव्हाही मी गप्प बसलो. बोललो असतो तर पैसे उघडे पडले असते.

आता मात्र मागतो. सोबत दुसरा कागद आहे, त्यात पैशांचं खरं काय झालं ते सगळं लिहिलं आहे. तो रविवारी मनेआबात वाचू दे. हे माझं बुबूस आहे. मला नाही म्हणू शकत नाहीस, असं तूच लिहिलं आहेस, माएरेने दाखवलं.

तुझा,
दादा

नोनौती
२८ ऑगस्ट

ती. दादास,
तेरुबेआचा शि. सा. न.

तू मागितलंस, म्हणून कागद वाचू दिला. वाचला नसता तरी चाललं असतं, पण तू कसला ऐकतोस. वाचून झाला. मग पाठीमागून एकेक करत बायकांनी आपापल्या चटया उचलल्या आणि माझ्याभोवती आणून अंथरल्या. मला उठायलाही वाट उरली नाही. असलं काही मला आवडत नाही हे तुला माहीत आहे.

तुझ्या त्या कागदाने माझ्या मागे काय लावून दिलंस ते ऐक. परवा बोट आली, खोबऱ्याचे पैसे वाटले, सगळ्यांच्या हाती रोकड आली. आणि काल अंधार पडल्यावर माझ्या दारात कोण, तर बाकोआ. मान खाली. बायकोला पोटाच्या दुखण्यासाठी तारावाला न्यायचंय म्हणाला. विमान पुढच्या आठवड्यात आहे, तोवर भाड्याचे पैसे त्याच्याकडे टिकायचे नाहीत, कारण त्याला आठ मेहुणे. मग म्हणतो कसा, रविवारी मनेआबात सगळ्यांदेखत ते माझ्याकडून मागून घे. मोठ्याने माग, आणि सगळे माग. त्याच्यामागे अंधारात आणखी दोघं उभी होती.

मी काय बँक आहे का रे? एवढी वर्षं चांगलं नाव सांभाळलं, ते एका महिन्यात तुझ्यापायी घालवलं. तू ते परत आणून दिलंस, तर आता हेच लोक म्हणतात की ते पुन्हा घालव. मी बाकोआला तोंडावर नाही म्हटलं. आता मला ते जमतं. तर हा तिथेच पायरीवर बसून राहिला.

शेवटी हो म्हटलं. फक्त बजावलं की मी मागेन तेव्हा अरेतासारखं तोंड करून दे, आणि नंतर माझ्याबद्दल गावभर वाईट बोल, त्याचा तुला सराव आहेच.

उशी मोठी शिवायला घेतली आहे. डोळे जप, आणि माझ्यावरचा राग लवकर संपवू नकोस, मला त्याची सवय झाली आहे.

तुझी,
तेरुबेआ