हजेरीतलं नाव

पूर्णगड, ता. ४ नोव्हेंबर

चि. राकेश यास वहिनीचे अनेक आशीर्वाद.

त्या सकाळी मी दारापुढचं खळं सारवलं, पेज चुलीवर ठेवली, बावीवरून पाणी आणलं आणि नेहमीसारखी एक बादली पायरीशी भरून ठेवली. ट्रॉलर मिरकरवाड्याला लागला की तुझे दादा पहिल्या एसटीने घरी येत आणि त्या पाण्याने पाय धुतल्याशिवाय आत येत नसत. ट्रॉलर बुडाल्याचं मला अजून कळलेलं नव्हतं, म्हणून बादली भरली. सहा वर्षं झाली, अजून भरते. सवय म्हण.

गेल्या सोमवारी त्याच बादलीतलं पाणी तोंडावर मारलं आणि थुंकले. पाणी खारं होतं. बादली निम्मी झाली होती. आदल्या दिवशी पावसला तुझी प्रचारसभा होती.

राकेश, सभेत त्यांचं नाव पुकारणं बंद कर. बुडालेल्या माणसाला नावाने हाक मारू नये, निघालेला असला तरी तो वळतो, असं आपली म्हातारी माणसं सांगत. तू तर माईकवर मारतोस. देह मिळाला नाही, तेव्हा दर्भाचा पुतळा करून या पंधरवड्यात अंत्यविधी उरकू.

फोन केला की तुझा दीपक उचलतो आणि साहेब बिझी आहेत म्हणतो, म्हणून पत्र. वाचायला-लिहायला मी तुझ्या पोलीसभरतीच्या पुस्तकांवर शिकले, तेव्हा अक्षराला नावं ठेवलीस तर दोष पुस्तकांचा.

लोभ आहेच, तो वाढवायला घरी येत जा.

तुझी वहिनी,
प्रभावती

मिरकरवाडा, ता. ७ नोव्हेंबर

ती. सौ. वहिनीस राकेशचा सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. दीपकला तुमची तक्रार वाचून दाखवली, तो लाजला. पाण्याचं म्हणाल तर उधाण बावीत शिरलं असेल. पोलिसांत पुराव्याशिवाय बोललं की साहेब हाकलून देत. बाटली भरून पाठवा.

हजेरीचं तुम्हाला ठाऊक आहे. खलाशांच्या संपात मी लाठी घेऊन धक्क्यावर उभा होतो आणि समोर पहिल्या रांगेत दादा. मी लाठी खाली ठेवून पलीकडे गेलो. नोकरी गेली. युनियनमध्ये माझ्याजवळ द्यायला काय होतं? पोलिसांसारखी हजेरी तेवढी सुरू केली. समुद्रात बुडालेल्यांचीही नावं पुकारायची, बाकीच्यांनी त्यांच्यासाठी हजर म्हणायचं, आणि नाव कमी करायचं तर घरच्या माणसाने उभं राहून सांगायचं. त्याच हजेरीने मला नगरसेवक केलं आणि आता आमदारकीला उभं केलंय. दादांचं नाव घेतलं, सहदेव म्हटलं, की अख्खं मैदान हजर म्हणतं.

विधी झाल्यावर ते नाव कसं पुकारू? दोन आठवडे थांबा. मग मी स्वतः मुंडण करून बसेन. तसंही डोक्यावर आता राहिलंय काय!

रागावलात तरी माया कमी करू नका.

तुमचा दीर,
राकेश

पूर्णगड, ता. १२ नोव्हेंबर

चि. राकेश यास अनेक आशीर्वाद.

बाटली एसटीच्या कंडक्टरकडे दिली आहे. बाव गोडीच आहे. शेजारची सावित्री बावीचं पाणी प्याली आणि म्हणाली की वयनी, तुमचीच जीभ खारट झालीय. मग तिला बादलीतलं दिलं. तिने चूळ टाकली. तेव्हापासून ती आमच्या खळ्यातून जायची सोडून वळसा घेऊन जाते.

तुझी सभा झाली की दुसऱ्या सकाळी पाणी खारं. तुझा घसा बसला आणि सभा रद्द झाली, तेव्हा गोडं. आणि तांब्या मी उजवीकडे ठेवते, तो सकाळी डावीकडे पालथा असतो. आपल्या घरात डावखुरं माणूस एकच होतं.

मला भीती वाटत नाही, वाईट वाटतं. माणूस पाय धुतो आणि आत येत नाही. त्याला इतक्या लांबून बोलवायचं आणि उंबऱ्याशी उभं ठेवायचं, हे कुठलं राजकारण?

तू मला अजून सौ. लिहितोस. गावात आता कोणी लिहीत नाही.

घशाला मीठ-पाणी घे. माया आहे म्हणून बोलले.

प्रभावती

मिरकरवाडा, ता. १६ नोव्हेंबर

ती. वहिनीस सा. न. वि. वि.

बाटली आली. चव घेतली. उधाणाचं म्हणालो ते परत घेतो.

काल इथल्या धक्क्याजवळ सभा झाली. दादांचं नाव पुकारलं, लोक हजर म्हणाले. मैदान शांत झाल्यावर पाण्याच्या बाजूने एकट्याच आवाजात पुन्हा हजर ऐकू आलं. दादा शेवटचं अक्षर ओढायचे, तसं. मागच्या रांगेत चौकशी केली. सगळ्यांनी ऐकलं होतं. दीपक म्हणतो लाऊडस्पीकर घुमला. घुमला असता तर हजार लोकांचा आवाज परत आला असता, एकाचा कसा?

मी घाबरलो, वहिनी. पण खरं सांगू? घाबरलो त्याहून जास्त बरं वाटलं. म्हणून तर सुटत नाही. दादा नसले तर मी कोण, लाठी टाकून गेलेला एक शिपाई. सोमवारी शेवटची सभा तुमच्या पूर्णगडला आहे. नाव घ्यायचं नाही असं ठरवलंय, पण माझा भरवसा धरू नका.

तुम्ही मात्र मला धरून असा.

राकेश

पूर्णगड, ता. २० नोव्हेंबर

चि. राकेश यास अनेक आशीर्वाद.

आज मत देऊन आले. कोणाला ते सांगायचं नसतं.

परवा सभेत मी मागे बायकांत बसले होते. तू हजेरीत गंगारामचं नाव घेतलंस आणि पुढे थांबलास, ते मी पाहिलं. लोकच तुझ्या दादांचं नाव घेऊन ओरडायला लागले. तू मान खाली घातलीस, आणि मग पुकारलंसच. त्या क्षणी खाडीवरचा वारा एकदम पडला. झेंडे खाली लोंबले. कोणी तोंड उघडायच्या आत मी उभी राहिले आणि गैरहजर म्हटलं.

सगळे वळले. धोंडू खोताने म्हातारीला खाली बसवा म्हणून आरडाओरडा केला. म्हातारी कोणाला म्हणतो, माझ्याहून वडील आहे तो! तू चिरक्या आवाजात पुन्हा पुकारलंस. मी पुन्हा गैरहजर म्हटलं, आणि घरचं माणूस म्हणून नाव कमी करायला सांगितलं. नियम तुझाच होता. तिसऱ्यांदा तू पुकारलं नाहीस. नाव कमी, असं माईकवर म्हणालास. मी खाडीकडे कान देऊन उभीच राहिले. पाणी वाळूवरून मागे ओढलं जात होतं, तेवढाच आवाज.

मतं गेली असतील तर माझ्या माथी मार. पण एक लक्षात ठेव. त्या दिवशी दादा समोर उभे होते हे खरं, तरी लाठी ठेवून पलीकडे चालत तू गेलास. त्यांनी तुला हाक मारली नव्हती.

दर्भ आणून ठेवला आहे. अमावास्येला ये. न्हाव्याला फार काम पडणार नाही.

निवडून आलास तरी आणि पडलास तरी, ताट वाढलेलं असेल.

तुझी वहिनी,
प्रभावती

ता. क. सभेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बादली काठोकाठ भरलेली होती. पाणी चाखलं, गोडं होतं. ते मी तुळशीला घातलं, बादली पालथी घातली आणि पेज ठेवायला आत गेले.