जाळ्याच्या दोरीला फडकं

लष्करी इस्पितळ, पुणे
४ ऑगस्ट १९९६

चि. चंदूस, गुणादादाचा मनापासून आशीर्वाद.

मी बरा आहे. जेवण वेळेवर मिळतं, मासळीला तेवढी चव नाही. आयेचे गुडघे कसे आहेत? इथपर्यंत तिला वाचून दाखव. पुढचं तुझ्यासाठी.

मोठ्या मशीनमध्ये घालून डोक्याचे फोटो काढले. डॉक्टर म्हणाले, मेंदूतला आठवणींचा भाग जरा आटल्यासारखा दिसतो, शांतिसेनेत असतानाच्या लंकेतल्या लढाईचा ताण असेल. मला हसू आलं. पोरीच्या शाळेचं नाव आठवत नाही, आणि लंका मात्र सगळी आठवते.

तुझा मोडलेला हात सांधला का रे? त्या दिवशी ठाकुर्लीच्या खाडीत तुझ्या जाळ्याची दोरी मला सुरुंगाची तार दिसलेली. तुला चिखलात पाडून वर पडलो, ते तुला वाचवायलाच. भरतीचं पाणी तुझ्या कानापर्यंत आलं, तरी सोडलं नाही.

पुढच्या महिन्यात घरी सोडतील. त्याआधी त्या दोरीला हात-हातभर अंतरावर पांढरी फडकी बांधून ठेव, लांबून दिसतील अशी. लोक हसले तर हसू देत. दोरी आपलीच आहे, हे मला कळतं.

तरी बांध.

तुझा थकलेला,
दादा