बटणामागची गाठ

प्रिय,

काल तुझी नवी बायको माझ्या शिलाईच्या दुकानात आली होती. मी कोण, हे तिला ठाऊक नाही. तुझ्या जुन्या निळ्या शर्टाचं एक बटण तुटलं होतं.

बाकीची बटणं मी उलटून पाहिली. प्रत्येकामागे माझीच गाठ. आठवतं? तू कामावरून आलास की मी जवळ यायची, छातीवरून हात फिरवायची आणि गाठी चाचपायची. एवढा संशय प्रेमात असतोच, असं म्हणायची. शेवटी तू वैतागून घर सोडलंस.

"एवढं काय बघताय, ताई?" तिनं विचारलं.

"ही माझ्या दुकानाची खास गाठ. दुसऱ्या कुणी बटण लावलं तर लगेच कळतं."

ती हसली. दारापर्यंत गेली आणि परत आली.

"मला शिकवाल?"

नाही म्हणता आलं असतं. मी तिचा हात हातात घेऊन शिकवलं. पहिल्याच खेपेला जमलं तिला.

हे पत्र टाकलं तर तू सावध होशील, म्हणून टाकणार नाही. आज घरी गेलास की ती तुझ्या छातीवरून हात फिरवेल. तुला वाटेल, लाडात आलीय.

सुरुवातीला माझ्या हाताबद्दल मलाही तसंच वाटायचं.

तुझी,
पहिली