रांगेतला ओला हात

मामपोंग, ४ मार्च

ती. पोकुआताईस सेर्वाचा सा. न. वि. वि.

सासूबाईंचा देह शवागारात आहे, अंत्यविधी इथल्या रीतीनं दोन आठवड्यांनी, शनिवारी. मावससासू कोनाडूबाईंनी घरातल्या सगळ्यांना त्या दिवशी नेसायचं सारखं काळं कापड वाटलं, वर्षाच्या पोरालासुद्धा. फक्त माझ्या न्यार्कोला नाही. म्हणाल्या, "लाळेनं नासवील. तिला मागच्या खोलीत ठेव." सहा वर्षांची सख्खी नात गं ती! जन्मताच मेंदूला इजा झाली, त्यात तिचा काय दोष? माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तुझ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी दिलेलं लाळ कमी करायचं औषध त्या दिवशी दुप्पट देते आणि कोरड्या तोंडानं तिला पहिल्या रांगेत बसवते. म्हातारीचं नाक कापल्याशिवाय राहायची नाही.

तुझी माया आहेच, ती राहू दे.
सेर्वा

तामाले, ९ मार्च

चि. सेर्वास अनेक आशीर्वाद.

वेडी आहेस का? एक थेंबही वाढवायचा नाही. वॉर्डात रोज बघते मी. डोस वाढला की लघवी अडते, घाम थांबून ताप चढतो, घट्ट बेडका घशात अडकतो. त्यात तुमचा उन्हातला मांडव. न्यार्कोला लाळ जास्त येत नाही, गिळायला जमत नाही एवढंच. पाठ टेकवून ताठ बसव, मान सावर, तोंड घासू नकोस, टिपत जा. कोनाडूबाईंची चीड मलाही आहे. पण सूड तुझा आहे, तो पोरीच्या जिवावर नको काढूस.

लगेच उत्तर धाड, जीव टांगणीला आहे.
ताई

मामपोंग, २० मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

औषध रोजचंच दिलं. माझ्या काळ्या कापडातला तुकडा फाडून न्यार्कोला लाळेरी शिवली आणि सकाळीच तिची खुर्ची रांगेत कोनाडूबाईंच्या शेजारी, पाहुण्यांना त्यांच्या आधी लागेल अशी लावली. चारचौघांत म्हातारीला ती हलवायला सांगता येईना. मग सांत्वनाला आलेले पाहुणे घरच्यांच्या रांगेत एकेकाशी हात मिळवत पुढे सरकू लागले. रांगेतलं कुणी वगळायचं नसतं, तुला ठाऊकच आहे. न्यार्को तोंडातली मूठ काढून प्रत्येकाला हात देत होती, खुशीत. पाहुण्यांचे तेच ओले झालेले हात पुढे कोनाडूबाईंच्या हातात. सांत्वनाचा हात नाकारला तर गावात तोंड दाखवायची सोय नाही. मी पोरीची हनुवटी टिपत होते. तिचा हात पुसला नाही, मुद्दाम.

दुपारी त्या हळूच म्हणाल्या, "पोरीला आत ने, दमली असेल."

मी म्हटलं, "मावशी, नात आहे. आजीच्या रांगेतून उठेल कशी?"

त्यांचा हात मांडीवर उताणा पडला होता, कुठे पुसावा कळेना. दया यायला हवी होती, ताई. नाही आली.

रागावलीस तरी पत्र लिही.
तुझी सेर्वा