पडद्यापुढचं लंगडणं

राजोडी,
५ डिसेंबर २०२४, दुपार

चि. रुक्मे,
पोटभर आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. केळी बऱ्या आल्यात, यांचा खोकला उतरला. माझंच मेलं बूड कुठे टेकत नाही. पुसलेला ओटा परत पुसते.

आमच्या दवाखान्यात आता मुंबईच्या डॉक्टरीणबाई मंगळवारी व्हिडिओवर तपासतात. नर्स हिल्डा मोबाईल धरते. पण नेटवर्क फक्त बाहेरच्या पडवीत! मग बाकावरचं सगळं गाव ऐकतं. बाईंनी हरिभाऊंना विचारलं, "शौचाला रक्त पडतं का?" तर उत्तर दिलं धोंडूबाईने, "पडतं हो, त्यांची बायकोच सांगत होती!" हसून मुरकुंडी वळली.

पुढची पाळी माझी. म्हटलं, "गुडघा दुखतो." बाई म्हणाल्या, "आजी, चालून दाखवा." मग काय, लंगडले. तेव्हापासून घरीही लंगडतेय. सूनबाई तेल चोळते, यांनी काठी आणली. प्रत्येक वेळी जीव अर्धा होतो.

परवा पुन्हा गेले, पुन्हा लंगडले. हिल्डा कानाशी कुजबुजली, "काकू, मागे उजवा होता ना?" औषधांच्या खोलीत नेऊन तिने दार लावलं. "आता खरं बोला."

रुक्मे, गुडघे ठणठणीत आहेत. माझ्या डाव्या छातीत गाठ आहे. गणपतीपासून. फोनवर बोलले तर घरभर ऐकू जातं, म्हणून लिहिते. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणत बसले, आणि गाठ वाढत गेली.

हिल्डाने हात लावून पाहिलं आणि पुन्हा तिथेच चाचपलं. तिचं ते पुन्हा चाचपणं काही डोक्यातून जात नाही. म्हणाली, "मंगळवारी सगळे गेले की मी फोन घेऊन तुमच्या वाडीत येते." आमच्या पंपाच्या खोलीत नेटवर्क चांगलं येतं. ती तपासणार, बाई बघणार. फोन धरायला मात्र घरचं बाईमाणूस हवं. सूनबाईला सांगितलं असतं, पण पोरीचे दिवस भरत आलेत, तिला कशाला हा घोर?

तू ये. हे पत्र हिल्डाच्याच हाती देते, तिचं घर तुमच्या तुळिंजलाच आहे. घरी विचारलं तर सांग, ताईने केळफुलाच्या भाजीला बोलावलंय.

फोन दोन्ही हातांनी धर. फक्त माझ्या तोंडाकडे बघू नकोस. तू रडलीस, तर मी पुन्हा गुडघाच म्हणेन.

घाबरलेली,
तुझी यमुनाताई