पाखरांचे बावीस वाक्प्रचार

१२ जानेवारी १९६४, रविवार

गुरुवारी लोणारच्या डाक बंगल्यावर पाखरं पाहणारे एक गोरे साहेब येणार. त्यांना तळ्यावर नेणारा माणूस हवा. दरवर्षी बाहेरच्यांना उकंडकाका नेतात. पण माणूस ठरवणाऱ्या वामनराव मास्तरांकडे मी स्वतः जाऊन म्हणालो, मला इंग्रजी येतं. नववीत माझी शाळा सुटली हे ते विसरले असावेत. हो म्हणाले!

व्याकरणाच्या जुन्या पुस्तकातून पाखरांचे आणि पिसांचे सगळे वाक्प्रचार उतरवून घेतले. बावीस भरले. स्पेलिंग तीनदा तपासलं.

१४ जानेवारी

निम्मे पाठ. 'बर्ड्स ऑफ अ फेदर' — एका पिसाची पाखरं, म्हणजे एका माळेचे मणी. 'अ फेदर इन द कॅप' — टोपीत पीस, म्हणजे मानाचा तुरा. 'टु शो द व्हाइट फेदर' — पांढरं पीस दाखवणं, म्हणजे कच खाणं. यात पीस कुठून आलं ते पुस्तकात दिलेलं नाही.

तिळगूळ द्यायला उकंडकाकांकडे गेलो. साहेबांचं त्यांना कळलेलं होतं. तुला पाखरं कोणती ओळखू येतात, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, बावीस वाक्प्रचार येतात. ते हसले. "मंग टिटवी अंडे कुठी घालते, थे साहेबाले वाक्प्रचारात सांगजो." गोजरकाकूही हसल्या. मी रागाने उठून आलो.

१५ जानेवारी

बावीसच्या बावीस. एकही चूक नाही.

१६ जानेवारी

 

तळ्याकडे उतरताना चार वाक्प्रचार म्हटले. साहेब मोठ्याने हसले, पाठ थोपटली. मग ते बोलू लागले — आणि मला एक अक्षर कळेना! पुन्हा सांगा म्हणायची लाज वाटली. सगळ्याला 'यस' म्हणत गेलो. काठाशी त्यांनी काळ्या चिखलाकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं. 'यस.' ते तीन पावलं पुढे गेले आणि मांडीपर्यंत रुतले.

मी काठावर उभा. नुसता उभा.

उकंडकाका झाडीतून धावत आले. ते आमच्या मागे होते हे मला ठाऊकच नव्हतं. पागोटं सोडून त्याचं टोक साहेबांकडे फेकलं, पालथे पडून साहेबांना ओढलं. साहेब निघाले. काकांचा पाय मात्र गुडघ्यात फिरला. चौघांनी खाटेवर घालून त्यांना वर आणलं.

२० जानेवारी

साहेब शुक्रवारीच गेले. वामनरावांनी विचारलं, असं झालं कसं. मी म्हणालो, मी नको सांगितलं होतं, साहेबांनी ऐकलं नाही. सगळ्यांना पटलं.

२३ जानेवारी

काकांचा पाय वाकत नाही. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, तळ्याची उतरण आता बंद. तीस वर्षं ते रोज उतरले.

'आय डोंट नो' — हे तर मला पाचवीपासून येतं. तेवढंच म्हणायचं होतं.

२६ जानेवारी

काकांकडे गेलो. साहेबांचा प्रश्न मला कळला नव्हता, तरी मी यस म्हणालो, आणि मास्तरांना खोटं सांगितलं — सगळं बोलून टाकलं. काका गुडघा चोळत होते. म्हणाले, "तुयं यस मले झाडीत ऐकू आलं होतं. साहेब चिखलाकडे निंघाला, थेही दिसलं. हाक मारता आली असती. नाही मारली. म्हटलं, पोट्ट्याची जिरू दे."